शब्दाला जागणारे एकनाथ

गोदावरीच्या उत्तर तीरावर पैठण हे एक प्राचीन नगर आहे. त्याचे जुने नाव प्रतिष्ठान. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी ते सातवाहन राजांची राजधानी होते. पुढे कित्येक शतके विद्येचे माहेरघर म्हणून त्याची ख्याती टिकून राहिली. येथील पंडितांनी दिलेला निर्णय दूरदूरच्या प्रदेशांत शिरसावंद्य मानला जाई. याच नगरात सोळाव्या शतकात संत एकनाथ होऊन गेले.

त्या काळी पैठणात धर्म सांगणाऱ्यांची वाण नव्हती. घरोघर पोथ्या होत्या, पाठशाळांतून वेदघोष चाले, घाटावर पुराणे सांगितली जात. परंतु धर्म सांगणे निराळे आणि सांगितलेल्या प्रत्येक शब्दाचा भार आपल्या शिरावर घेणे निराळे. एकनाथांनी हा भार आयुष्यभर आनंदाने वाहिला. म्हणूनच चार शतके लोटली तरी महाराष्ट्र त्यांना केवळ पंडित म्हणून नव्हे, तर नाथ म्हणून ओळखतो.

एकनाथांचा जन्म सन १५३३ च्या सुमारास झाला. त्यांचे पणजोबा भानुदास हे थोर विठ्ठलभक्त होते. विजयनगरास नेलेली पांडुरंगाची मूर्ती त्यांनी पंढरपुरास परत आणली, अशी वारकरी संप्रदायाची परंपरा सांगते. अशा पुण्यशील कुळात जन्म घेऊनही एकनाथांना आईबापांचे सुख लाभले नाही. वडील सूर्यनारायण आणि आई रुक्मिणी या दोघांचेही छत्र त्यांच्या बालपणीच हरपले. आजोबा चक्रपाणी आणि आजी सरस्वती यांनी या पोरक्या नातवाला तळहाताच्या फोडाप्रमाणे जपले.

बाळ एकनाथ बुद्धीने तल्लख होता. पाठांतर तो लीलया करी. पण नुसत्या पाठांतराने त्याचे समाधान होत नसे. आपल्या शंका फेडील आणि आपणांस खरी वाट दाखवील, असा गुरू भेटावा, ही त्याच्या मनाची तळमळ होती. देवगिरीच्या किल्ल्यावर जनार्दनस्वामी नावाचे सत्पुरुष आहेत, हे त्याच्या कानी आले. वयाच्या बाराव्या वर्षाच्या सुमारास, कोणास न सांगता, हा मुलगा घराबाहेर पडला आणि साठ-पासष्ट किलोमीटरांची वाट तुडवून देवगिरीस पोहोचला. आज पैठणहून देवगिरीस जाताना वाटेत छत्रपती संभाजीनगर हे मोठे शहर लागते. त्या वेळी ते शहर वसलेच नव्हते. मलिक अंबराने सन १६१० च्या सुमारास खडकी गावी आपली राजधानी वसवली, तेव्हापासून त्याची भरभराट झाली. एकनाथांच्या वाटेवर होते ते केवळ माळरान, ओढे आणि लहान लहान खेडी.

जनार्दनस्वामी हे संन्यासी नव्हते. ते निजामशाहीच्या सेवेत असून देवगिरीचे किल्लेदार होते. किल्ल्याचा बंदोबस्त, शिबंदीचा पगार, धान्याची कोठारे हे सर्व त्यांच्या देखरेखीखाली असे. दिवसा राज्यकारभार आणि पहाटे ध्यानधारणा, असा त्यांचा क्रम होता. संसारातील आणि चाकरीतील काम चोख करणे हीसुद्धा ईश्वराची सेवाच आहे, ही त्यांची शिकवण होती. त्यांनी एकनाथास लगेच मंत्र दिला नाही. त्याला घरातली कामे सांगितली आणि पुढे किल्ल्याचा हिशेब लिहिण्याचे काम त्याच्यावर सोपवले.

त्या वेळची एक कथा महाराष्ट्रात घरोघर सांगितली जाते. एकदा जमाखर्चाचा मेळ बसेना. एका पैची चूक राहिली होती. एक पै ती काय! दुसरा एखादा असता तर त्याने तेवढी रक्कम इकडची तिकडे करून वही मिटली असती. पण एकनाथांनी रात्री समई लावली आणि पहिल्या पानापासून सर्व आकडे पुन्हा तपासावयास आरंभ केला. घटकांमागून घटका गेल्या. किल्ला निद्राधीन झाला. उत्तररात्री ती चूक सापडली, तेव्हा त्यांना इतका हर्ष झाला की त्यांनी एकदम टाळी वाजवली. त्या आवाजाने जनार्दनस्वामी जागे झाले. एका पैसाठी शिष्याने सारी रात्र जागून काढली, हे कळताच ते प्रसन्न झाले. एका पैच्या शोधात जे मन इतके एकाग्र होते, तेच मन ईश्वराच्या शोधात लावले तर काय साधणार नाही, असे त्यांनी शिष्यास समजावले आणि त्यास अनुग्रह दिला.

मुलांनो, ही कथा ध्यानात ठेवा. पुढे एकनाथांनी जे मोठे कार्य केले, त्याचे बीज या रात्रीच्या जागरणात आहे.

दुसरी कथा अशी की, एकदा स्वामी ध्यानस्थ असताना शत्रूची टोळी किल्ल्यावर चालून आली. गुरूंची समाधी मोडू नये आणि किल्ल्याचेही रक्षण व्हावे, म्हणून एकनाथांनी स्वामींचे चिलखत अंगावर चढवले, त्यांचे शस्त्र हाती घेतले आणि शिबंदीच्या अग्रभागी राहून शत्रूस परतवून लावले. नंतर सर्व वस्तू जागच्या जागी ठेवून ते आपल्या कामास लागले. या पराक्रमाविषयी त्यांनी चकार शब्दही काढला नाही. जबाबदारी आपण घ्यावी आणि श्रेय मागू नये, हा धडा त्यांनी देवगिरीवर आपल्या आचरणात उतरवला होता.

काही वर्षांनी गुरूंसमवेत एकनाथ त्र्यंबकेश्वरास गेले. तेथे गुरूंच्या आज्ञेवरून त्यांनी चतुःश्लोकी भागवतावर मराठीत टीका लिहिली. ही त्यांची पहिली ग्रंथरचना होय. त्यानंतर दीर्घ तीर्थयात्रा करून ते पैठणास परतले. वृद्ध आजी-आजोबा नातवाच्या वाटेकडे डोळे लावून बसले होते. एकनाथांनी पैठणातच राहावे व गृहस्थाश्रम स्वीकारावा, असे गुरूंचे आज्ञापत्र आजोबांनी मिळवून ठेवले होते. ते हाती पडताच एकनाथांनी पुढची भ्रमंती सोडून दिली. गिरिजाबाईंशी त्यांचा विवाह झाला. गिरिजाबाई समंजस आणि उदार मनाच्या होत्या. नाथांच्या प्रत्येक कृत्यात त्या खांद्याला खांदा लावून उभ्या राहिल्या. या दांपत्यास हरिपंडित नावाचा मुलगा आणि दोन मुली झाल्या. महाभारतावर रसाळ काव्य लिहिणारे कवी मुक्तेश्वर हे नाथांच्या मुलीचे पुत्र.

एकनाथांचा दिनक्रम ठरलेला असे. पहाटे गोदावरीवर स्नान, मग पूजा, दुपारी आलेल्या अतिथीस भोजन, तिसऱ्या प्रहरी पुराण आणि रात्री कीर्तन. हे पुराण व कीर्तन ते मराठीत करीत. शेतकरी, कुणबी, तेली, माळी, स्त्रिया, मुले, सारे तेथे येऊन बसत. ज्यांना संस्कृत येत नाही त्यांनाही ज्ञानाचा अधिकार आहे, ही नाथांची निष्ठा होती. लोकांना समजावे म्हणून त्यांनी भारुडे रचली. त्यांत वासुदेव येतो, जोशी येतो, गोंधळी येतो, फकीरही येतो. हसत हसत ही पात्रे श्रोत्यांच्या मनातील खोटेपणावर बोट ठेवतात. अंगाला राख फासून लोकांस लुबाडणारा साधू आणि शिष्यांच्या धनावर डोळा ठेवणारा गुरू यांची नाथांनी गय केली नाही. हिंदू आणि तुर्क यांचा संवाद रचून त्यांनी दोघांसही एकमेकांचे दोष काढू दिले आणि शेवटी दोघांची गळाभेट घडवून आणली.

परंतु दुसऱ्याचा खोटेपणा दाखवणे सोपे असते. जो तो दाखवतो, त्याच्याकडेही लोक डोळ्यांत तेल घालून पाहत असतात. एकनाथांच्या वाट्यास अशी परीक्षा पुनःपुन्हा आली.

त्यांनी भागवताच्या अकराव्या स्कंधावर मराठीत विस्तृत टीका लिहावयास घेतली. पहिले काही अध्याय तयार होताच त्यांची प्रत काशीस पोहोचली. पवित्र भागवत प्राकृत भाषेत आणले, हे तेथील काही पंडितांस रुचले नाही. त्यांनी नाथांस जाब विचारण्यासाठी बोलावणे पाठवले. पैठण कोठे आणि काशी कोठे! नाथांना आपल्या घरी स्वस्थ बसून राहता आले असते. परंतु आपण लिहिले आहे, तेव्हा उत्तरही आपणच दिले पाहिजे, असे मानून ते काशीस गेले. टीकाकारांच्या समोर बसून त्यांनी आपल्या ग्रंथाचा अर्थ उलगडून दाखवला आणि उरलेला ग्रंथ त्याच नगरीत राहून लिहिला. सन १५७३ मध्ये, कार्तिकी पौर्णिमेस, एकतीस अध्यायांचा आणि अठरा हजारांहून अधिक ओव्यांचा हा ग्रंथ पूर्ण झाला. ज्यांनी विरोध केला होता त्यांनीच पुढे त्याची मिरवणूक काढली, असे परंपरा सांगते. हाच ग्रंथ एकनाथी भागवत म्हणून प्रसिद्ध आहे.

नाथांच्या आचरणाच्या कथा पुढे संतचरित्रकार महिपती यांनी अठराव्या शतकात आपल्या ग्रंथांत गुंफून ठेवल्या. त्यांतील काही आजही खेड्यापाड्यांत सांगितल्या जातात.

नाथ काशीहून गंगेच्या पाण्याची कावड घेऊन रामेश्वरास निघाले होते. ते पाणी रामेश्वराच्या पिंडीवर घालावयाचे, असा संकल्प होता. वाटेत रखरखीत वाळवंटात एक गाढव तहानेने तडफडत पडलेले दिसले. सोबतचे यात्रेकरू हळहळले आणि पुढे चालू लागले. नाथांनी मात्र कावड खाली उतरवली आणि महिनोन्‌महिने जपून आणलेले ते पाणी गाढवाच्या मुखात ओतले. सर्व भूतांच्या ठायी एकच परमेश्वर आहे, असे ते कीर्तनात सांगत असत. ते वचन खरे असेल, तर रामेश्वर येथेच भेटला, असे त्यांना वाटले.

एकदा भर दुपारी गोदावरीच्या तापलेल्या वाळूत, त्या काळी अस्पृश्य मानलेल्या समाजातील एक लहान मूल चुकून मागे राहिले होते. त्याचे पाय पोळत होते आणि ते आक्रोश करीत होते. घाटावर येणारे-जाणारे दुरून पाहत. पण विटाळाच्या भयाने कोणी पुढे होईना. नाथांनी धावत जाऊन त्या मुलाला कडेवर घेतले, त्याचे डोळे-नाक पुसले आणि त्याला त्याच्या आईबापांच्या घरी नेऊन पोहोचवले.

आणखी एका प्रसंगी नाथांच्या घरी श्राद्ध होते. स्वयंपाक तयार झाला होता. त्या सुग्रास अन्नाचा वास रस्त्याने जाणाऱ्या काही गरीब लोकांना आला. तेही अस्पृश्य मानलेल्या जातींतील होते. असे अन्न आपणांस कधी मिळावयाचे, असे ते आपसांत बोलले. ते शब्द कानी पडताच नाथांनी आणि गिरिजाबाईंनी त्यांना बोलावून पोटभर जेवू घातले. मग घर सारवून ब्राह्मणांसाठी नवा स्वयंपाक केला. परंतु ही वार्ता गावात पसरली आणि आमंत्रित ब्राह्मण जेवावयास येईनात. नाथांनी प्रायश्चित्त घ्यावे, असे ठरले.

अशा वेळी माणसाची खरी कसोटी लागते. आपण काही केलेच नाही, असे नाथांना म्हणता आले असते. चूक पत्नीची किंवा सेवकाची, असेही सांगता आले असते. अनेक माणसे संकटात हेच करतात. नाथांनी केलेले कृत्य मान्य केले. भुकेल्यास अन्न दिले याचा त्यांना पश्चात्ताप नव्हता. तरीही समाजाने सांगितलेले प्रायश्चित्त घेण्यास ते शांतपणे गोदावरीवर गेले. आपल्या कृत्याचे जे फळ येईल ते आपण भोगावे, त्यासाठी दुसऱ्यास पुढे करू नये, असा त्यांचा बाणा होता. कथेत पुढे सांगितले आहे की, त्याच वेळी एक रोगपीडित ब्राह्मण तेथे आला आणि नाथांच्या अन्नदानाच्या पुण्याने तो बरा झाला. ते पाहून निंदकांच्या माना खाली गेल्या.

बाहेरचा विरोध सोसणे एक वेळ सोपे. घरातला विरोध सोसणे कठीण. नाथांचा मुलगा हरिपंडित हा संस्कृतचा मोठा विद्वान होता. वडिलांनी मराठीत पुराण सांगावे आणि वाटेल त्याच्या घरी अन्न घ्यावे, हे त्याला पसंत नव्हते. रागावून तो काशीस निघून गेला. नाथ त्याची समजूत घालावयास गेले, तेव्हा त्याने दोन अटी घातल्या. वडिलांनी परान्न घेऊ नये आणि पुराण मराठीत सांगू नये. पुत्राच्या प्रेमाने नाथांनी त्या मान्य केल्या. पैठणास आल्यावर हरिपंडित संस्कृतात पुराण सांगू लागला. ते विद्वत्तापूर्ण होते. परंतु श्रोत्यांस त्यातले काही कळेना. हळूहळू दाटीवाटीने बसणारी माणसे येईनाशी झाली. नाथ दिलेले वचन पाळून मौन राहिले.

अशात एक गरीब विधवा नाथांकडे आली. सहस्रभोजन घालण्याचा तिचा संकल्प होता. पण तितके द्रव्य तिच्याजवळ नव्हते. एकट्या नाथांनी आपल्या घरी जेवावे, म्हणजे आपला संकल्प पूर्ण होईल, अशी तिची श्रद्धा होती. नाथ तिच्या घरी जेवले. भोजनानंतर हरिपंडित वडिलांचे पान उचलू लागला, तो एका पानाखाली दुसरे, दुसऱ्याखाली तिसरे, अशी हजार पाने निघाली, असे कथाकार सांगतात. त्या दिवशी हरिपंडिताचा विद्येचा अभिमान गळाला. त्याने दोन्ही अटी मागे घेतल्या. नाथांच्या वाड्यात पुन्हा मराठी पुराण सुरू झाले आणि ओसरी पूर्वीप्रमाणे माणसांनी भरून गेली.

आता नाथांच्या एका निराळ्या कार्याकडे वळू. या कार्यात चमत्कार नाही. केवळ कष्ट आहेत.

ज्ञानेश्वरांनी शके १२१२ मध्ये, म्हणजे सन १२९० मध्ये, ज्ञानेश्वरी सांगितली. त्या काळी छापखाने नव्हते. ग्रंथ हवा असेल तर बोरू आणि शाई घेऊन तो हाताने उतरून काढावा लागे. एका प्रतीवरून दुसरी, दुसरीवरून तिसरी, अशा नकला होत गेल्या. कोठे लिहिणाऱ्याची नजर चुकली आणि ओवी गळाली. कोठे जुना शब्द समजला नाही म्हणून त्याच्या जागी नवा घातला गेला. कोणी कौतुकाने स्वतःचीच ओवी मध्ये घुसडली. जवळजवळ तीनशे वर्षांत असे इतके घडले की, दोन प्रती एकमेकींशी जुळेनात. लोक ज्ञानेश्वरांचे म्हणून जे वाचत होते, त्यातले सगळेच ज्ञानेश्वरांचे नव्हते.

एकनाथांना ही गोष्ट सहन झाली नाही. ज्या ग्रंथाच्या आधाराने आपण लोकांस उपदेश करतो, तो ग्रंथ मुळात जसा आहे तसाच लोकांच्या हाती दिला पाहिजे; त्यात भेसळ राहिली तर तिचा दोष आपल्याही माथी येईल, असे त्यांनी मानले. त्यांनी ज्ञानेश्वरीच्या निरनिराळ्या प्रती मिळवल्या. त्या समोर ठेवून ते एकेक ओवी ताडून पाहू लागले. ग्रंथात सुमारे नऊ हजार ओव्या! देवगिरीवर एका पैसाठी जागणारे ते डोळे आता एकेका अक्षरासाठी जागत होते.

येथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. एकनाथ स्वतः मोठे कवी होते. ओवी त्यांच्या मुखातून सहज बाहेर पडे. त्यांनी मनात आणले असते, तर ज्ञानेश्वरीत आपल्या शेकडो ओव्या बेमालूम मिसळल्या असत्या, आणि कदाचित कोणास कळलेही नसते. त्यांनी तसे केले नाही. शके १५०६ मध्ये, म्हणजे सन १५८४ मध्ये, भाद्रपदातील कपिलाषष्ठीस काम पूर्ण झाले, तेव्हा त्यांनी ग्रंथ संपल्यावर वेगळ्या अशा काही थोड्या ओव्या लिहिल्या. त्यांत शुद्धीकरण कधी व कसे झाले याची नोंद केली आणि यापुढे कोणीही ज्ञानेश्वरीत स्वतःची ओवी घालू नये, असे स्पष्ट बजावले. ज्ञानेश्वरांचे ते ज्ञानेश्वरांचे आणि आपले ते आपले, ही सीमारेषा त्यांनी कधी पुसली नाही. मराठीतील ग्रंथसंपादनाचा आरंभ म्हणून विद्वान या कार्याचा गौरव करतात.

आपल्या स्वतःच्या रचनांतही नाथांचा हाच विवेक दिसतो. अभंगाच्या शेवटी ते आपल्या नावाशेजारी गुरू जनार्दनांचे नाव जोडत. जे मिळाले ते गुरूंकडून मिळाले, हे कबूल करणे आणि जे सांगितले त्याखाली आपले नाव घालण्यास न कचरणे, या दोन्ही गोष्टी त्या एका नाममुद्रेत आल्या आहेत.

उतारवयात नाथांनी भावार्थरामायण लिहावयास घेतले. युद्धकांडापर्यंत ते आले आणि देह थकला. उरलेला भाग त्यांचा शिष्य गावबा याने पूर्ण केला. सन १५९९ मध्ये, फाल्गुन वद्य षष्ठीस, नाथांनी गोदावरीच्या पात्रात देह ठेवला. ती तिथी नाथषष्ठी म्हणून पाळली जाते. त्या दिवसांत महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यांतून शेकडो दिंड्या पैठणास येतात. आज पैठणजवळ जायकवाडीच्या धरणामागे जो विशाल जलाशय पसरला आहे, त्यासही नाथसागर असेच नाव दिले आहे.

मुलांनो, नाथांसारखे ग्रंथ लिहिणे आपणां सर्वांस साधणार नाही. परंतु वहीतील चूक दिसली तर ती न लपवता शोधून काढणे, ऐकलेली गोष्ट सांगताना तीत पदरची भर न घालणे, आपण केलेल्या कृत्याचा दोष सोबत्यावर न ढकलणे आणि इतरांस जे करावयास सांगतो ते आधी आपण करणे, एवढे तर आपल्या हाती आहे. समईच्या उजेडात एका पैचा शोध घेणारा तो मुलगा तुमच्याहून फार मोठा नव्हता.

स्वाध्याय

१. एकनाथ देवगिरीस का गेले? तेथे त्यांना कोणकोणती कामे करावी लागली?
२. काशीच्या पंडितांनी बोलावणे पाठवल्यावर नाथांनी काय केले? त्यावरून त्यांचा कोणता गुण दिसतो?
३. ज्ञानेश्वरीच्या प्रतींत चुका कशा शिरल्या होत्या, ते तुमच्या शब्दांत सांगा.
४. नाथांनी ज्ञानेश्वरीत स्वतःची एकही ओवी का मिसळली नसावी, असे तुम्हांला वाटते?
५. वर्गातील एक परिच्छेद दहा मुलांनी एकापाठोपाठ एक, आधीच्या मुलाच्या वहीवरून उतरून काढावा. शेवटची प्रत मूळ परिच्छेदाशी ताडून पाहा व कोणते फरक पडले ते लिहा.